चादरींच्या गल्लीतून जिराफ

जिराफ आणायचा विचार लौरेन्स तेरब्लांशच्या डोक्यात शिरला तो स्वच्छतागृहाच्या दारात.

त्याच्या वन्यप्राणी उद्यानात येणाऱ्या दहातली नऊ माणसं स्वच्छतागृहासाठीच यायची. हमरस्त्यावरून समुद्राकडे निघालेल्या गाड्या डोर्नवाल गावाजवळ वेग कमी करत, आतली माणसं लगबगीने उतरत, लगबगीने परत चढत, आणि पुन्हा समुद्राकडे. त्या दिवशी उतरलेल्या बाईने निदान बाहेर येऊन विचारलं तरी, "जिराफ आहे का हो तुमच्याकडे?"

"जिराफ नाही, पण कासवं आहेत," लौरेन्स अदबीने म्हणाला.

साखर मागायला गेलेल्याला वाण्याने 'साखर संपली, मीठ घ्या' म्हणावं, तशा नजरेने बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली. नळही चालू ठेवून गेली.

उद्यान कुटुंबाचं होतं. म्हणजे लौरेन्सचं आणि त्याच्या बायकोचं, मागरीतचं. लौरेन्स मालक, मार्गदर्शक आणि तिकीटवाला. उरलेलं सगळं मागरीत. वडिलांची मेंढ्यांची कुरणं होती, त्यांवर झेब्रे, हरणं, कासवं आणि एक शहामृग असा संसार मांडला होता. गाडीचा आवाज आला की झेब्रे टेकडीआड जायचे. पाहुण्यांना आपण दिसायचं असतं ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. शहामृग मात्र दिसायचा. त्याला टोपी घातलेली माणसं आवडत नसत, आणि त्या उन्हात टोपी न घातलेला माणूस यायचा कुठून? पूर्वी लौरेन्स गावचा पोस्टमास्तर होता. पोस्ट बंद झालं. बँक गेली. आगगाडी अजून डोर्नवालवरून जायची, पण थांबायची नाही. नुसती शिट्टी वाजवून जायची, आणि ती शिट्टी गावाला उगाच लागायची.

उरलं होतं देबोरा याफ्ताचं हॉटेल. देबोराच्या आईने तिथे आयुष्यभर चादरी धुतल्या, आणि पुढे देबोराने तेच हॉटेल विकत घेतलं. गावातल्या निम्म्या पोरींना तिथे काम होतं. तीच देबोरा आता म्हणाली होती, "हा उन्हाळा बघते. खोल्या भरल्या नाहीत तर कुलूप लावून धाकट्या लेकीकडे शहरात जाते. रिकाम्या पलंगांवर रोज चादरी बदलायचा मला कंटाळा आलाय, लौरेन्स."

त्यातच प्रादेशिक पर्यटन मंडळाने कळवलं की प्रवाशांसाठी नवा नकाशा छापायचा आहे आणि कोणती ठिकाणं घ्यायची हे बघायला पिल्ले नावाचे साहेब येणार आहेत. नकाशावर नाव आलं तर गाड्या थांबणार. नाही आलं तर नळ आहेच.

"एक जिराफ," लौरेन्स रात्रीच्या जेवणाला म्हणाला. "झेब्रा टेकडीआड जातो. जिराफ कशाआड जाणार?"

मागरीतने त्याच्या ताटात मटणाचा तुकडा वाढला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. या माणसाच्या कल्पना अडवल्या की फुगतात आणि सोडून दिल्या की आपोआप विरतात, हा तिचा अनुभव. तिने सोडून दिली. आयुष्यात तेवढा एक अंदाज तिचा चुकला.

लौरेन्स उत्तरेकडच्या एका मोठ्या रानात जिराफ बघायला गेला. जाताना त्याने घासाघीस करायची तयारी केली होती. फार आवडल्यासारखं दाखवायचं नाही, हे तर शेजारच्या फानीने दोनदा बजावलं होतं. तो कुंपणाशी उभा राहिला. काटेरी झाडांच्या वर एक डोकं होतं. ते खाली येऊ लागलं. येतच राहिलं. शेवटी ते त्याच्या तोंडासमोर थांबलं, लांब पापण्यांचा काळाभोर डोळा त्याच्यावर रोखला गेला, आणि त्या डोळ्यात लौरेन्सला कुंपण, आभाळ आणि टोपी घातलेला एक लहानसा माणूस दिसला. जिराफाने त्याच्या चेहऱ्यावर एक ऊन उसासा टाकला.

"मला आवडलाय," लौरेन्स विकणाऱ्याला म्हणाला. घासाघीस तिथेच संपली.

विकणारा म्हणाला, "एकटा देत नाही. एकटा जिराफ झुरतो. ही मादी, आणि तिच्याबरोबर या दोन तरण्या. तिघी एकत्र वाढल्यात."

अशा रीतीने एका जिराफाचे तीन झाले. हे मागरीतला कसं सांगायचं याचा विचार लौरेन्सने परतीच्या वाटेवर केला आणि शेवटी न सांगायचं ठरवलं. जिराफ लपवता येत नाही ही त्याचीच कल्पना होती, पण ऐनवेळी ती त्याला आठवली नाही.

मग सल्ले सुरू झाले. डोर्नवालमध्ये जिराफ कोणी पाळला नव्हता, त्यामुळे प्रत्येकाला त्यातलं कळत होतं. फानी मेंढपाळ म्हणाला, "पायांना गार लागतं त्यांच्या. रक्त वरून खाली यायला वेळ लागतो." त्याच्या बायकोचं म्हणणं, जिराफांना गाणं लागतं. एक शिक्षक येऊन, जिराफाला आवाजच नसतो तर तो मदत कशी मागेल, असा प्रश्न टाकून, उत्तर न देता कॉफी पिऊन गेले. त्या प्रश्नाने लौरेन्सची झोप उडाली.

नगरपालिकेतले म्बुलेलोसाहेब त्या मानाने सरळ होते. त्यांनी फक्त विचारलं, "काका, ट्रकची उंची किती?"

"ट्रकची की जिराफांची?"

"जे जास्त असेल ते."

जिराफांचा ट्रक वरून उघडा असतो. माना बाहेर ठेवूनच त्यांना प्रवास करावा लागतो. म्बुलेलोसाहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. उंच सामानाचं कलम होतं, गुरांचं कलम होतं. उंच गुरांचं नव्हतं. "सामान असेल तर दोरीने बांधा, असं आहे," ते म्हणाले. "गुरं असतील तर बांधू नका, असं आहे. तुम्ही असं करा, गावातल्या सगळ्या तारा मोजून आणा. तोवर मी वर विचारतो." वरच्यांनी आणखी वर विचारलं. सगळ्यात वर कोण बसलं होतं कोण जाणे, पण तिथून एवढंच आलं की जिराफ हे वाहन नाही.

गावभर फिरून तारा मोजायच्या म्हणजे हातात उंच काठी हवी. गावचा माजी पोस्टमास्तर ठेवणीतला कोट घालून, बांबूला झाडूचा दांडा बांधून, भर दुपारी रस्त्याच्या मधोमध वर बघत चालू लागला. देबोराच्या हॉटेलच्या गच्चीतून आवाज आला, "कोळ्यांची जाळी काढायला आलास का रे? आमच्याकडे पण आहेत!" त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. पण पुढच्या खांबाला तो धडकला, हे सगळ्यांनी पाहिलं. त्याने प्रत्येक तार मोजली. प्रत्येक फांदी मोजली. चर्चसमोर रस्त्यावर उभी असलेली लोखंडी कमान तेवढी मोजली नाही. ती त्याच्या आजोबांनी उभारलेली. जन्मल्यापासून तो तिच्याखालून जात होता. कमान ही मोजायची वस्तू आहे, हेच त्याच्या मनात आलं नाही.

ट्रक आला तो शनिवारी सकाळी, चर्चच्या पटांगणात बाजार भरलेला असताना. खरं तर तो शुक्रवारी यायचा होता. पिल्लेसाहेब शनिवारी दुपारी यायचे होते आणि तोवर जिराफ कसे वर्षानुवर्षं तिथेच चरत असल्यासारखे दिसायला हवे होते.

पहिल्यांदा कोणाला काही समजलं नाही. खाऊच्या टेबलाशी उभी असलेली मागरीत सांगते की तिला आधी शांतता ऐकू आली. बाजारातली सगळी माणसं एकाच दिशेला बघत होती, आणि वर बघत होती. जुन्या बँकेच्या छपरामागून एक डोकं सरकत आलं. मग दुसरं. मग तिसरं. खाली ट्रक होता, त्याची घरघर होती, पण ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. छपरांवरून तीन माना चालल्या होत्या, तीन होड्या पाण्यावरून जाव्यात तशा. तार आली की ट्रकवाला ओरडे आणि तिघीही आळीपाळीने मान वाकवत, तार मागे गेली की पुन्हा वर. गावात जन्म काढलेल्या माणसांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपल्या छपरांच्या वरही एवढी जागा होती.

"तीन?" मागरीत म्हणाली.

लौरेन्सने घसा खाकरला. "एकटा झुरतो म्हणे."

"तुझं बघते मी नंतर," ती म्हणाली, पण तिची मान वरच होती.

हॉटेलसमोर ट्रक जरा रेंगाळला. मोठ्या मादीने मान गच्चीत घातली आणि देबोराने वर्षभर जपलेली तांबडी फुलं, कुंडीत नुसते देठ ठेवून, सावकाश खाऊन टाकली. देबोरा हातभर अंतरावर उभी होती. हातात पाण्याची झारी. मारायला म्हणून उचललेली ती झारी तिने हळूच खाली ठेवली. "खा बाई," ती म्हणाली. "इतक्या लांबून आलीस." नंतर ती सांगायची की त्या जिभेचा रंग जांभळा होता आणि लांबी तिच्या हाताएवढी, आणि कोणी हसलं तर हात पुढे करून दाखवायची.

मग ट्रक कमानीशी आला आणि काही पावलं अलीकडे थांबला.

ट्रकचा पिंजरा आणि कमान यांच्यात वीतभर कमी पडत होतं. जिराफांनी माना वाकवल्या असत्या. लोखंडी पिंजरा कुठे वाकतो? मागे जावं तर मागे बाजाराच्या गाड्या, मेंढ्यांचे टेम्पो, आणि सगळ्यात मागे धुळीने माखलेली एक पांढरी मोटार, तिच्यात पिल्लेसाहेब. ते वेळेआधी आले होते. असल्या माणसांना वेळेवर यायला कोणी शिकवत नाही.

"टायरमधली हवा काढा," फानी म्हणाला. "ट्रक खाली बसेल."

हवा काढली. ट्रक बसला. तरी दोन बोटं कमी पडली. आणखी काढली. आता ट्रक बसला तो असा बसला की पुढेही जाईना आणि मागेही. पंप आणायला फानीचा भाऊ गेला. तो पंप घेऊन आला, पण तो सायकलचा होता.

कमान काढता येईल का, असं विचारायला लौरेन्स पाद्री क्रोन्ये यांच्याकडे गेला. पाद्रीसाहेब कमानीच्या खांबाला हात लावून उभे होते, जणू कोणी ती खिशात घालून नेणार होतं. "बंधू लौरेन्स," ते म्हणाले, "ही तुझ्याच आजोबांनी सिमेंटात रोवली आहे. त्यांनी कोणतीच गोष्ट अर्धवट केली नाही." यातला टोमणा लौरेन्सला बरोबर लागला.

ऊन चढलं. जिराफांबरोबर आलेली जनावरांची डॉक्टर थांडेका ही तरुण पोरगी. तिने ट्रकवर चढून मोठ्या मादीच्या मानेवर हात ठेवला. उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"काका, यांना इथे जास्त वेळ उभं ठेवता येणार नाही. श्वास बघा कसा चाललाय. ट्रक हलत असतो तेव्हा वारा लागतो. असाच उन्हात उभा राहिला तर एखादी खाली बसेल. ट्रकमध्ये खाली बसलेला जिराफ पुन्हा उठत नाही."

तोवर सगळ्यांना मजा वाटत होती. कोणीतरी पावाला लोणी लावत होतं, त्याने सुरी खाली ठेवली. त्या कुंपणाशी आलेला डोळा लौरेन्सला आठवला. जनावराला आवाज नाही, मदत मागता येत नाही; आणि त्याने हौसेखातर तिघींना उचलून इथे या लोखंडात आणून उभं केलं होतं. आपली फजिती झाली, गाव हसणार, पिल्लेसाहेब बघतायत, हे सगळं त्याच्या मनातून एकदम पुसलं गेलं.

"उतरवू या," तो म्हणाला. "उद्यानाचं फाटक कमानीपलीकडे हाकेच्या अंतरावर तर आहे. चालत नेऊ."

"आणि उधळल्या तर?" म्बुलेलोसाहेब म्हणाले. "हमरस्ता पलीकडेच आहे, काका."

थांडेका म्हणाली, "जनावरं पकडताना आम्ही कापडाच्या भिंती लावतो. आरपार दिसत नाही अशा कापडाला जनावर भिंतच समजतं. दोन्ही बाजूंनी कापड धरलं, फाटकापर्यंत, तर जातील. पण एवढं कापड आणायचं कुठून?"

"त्यांना कापडावरून दिसणार नाही का?" फानीने विचारलं. त्या दिवसातला त्याचा तो एकच शहाणा प्रश्न.

"दिसेल. पण उडी मारून जाणं जिराफाच्या स्वभावात नाही," थांडेका म्हणाली, आणि जरा थांबून, "सहसा."

देबोरा तोवर हॉटेलच्या आत गेली होती. ती चादरींचा भारा छातीशी धरून बाहेर आली. मागून तिच्या पोरी, प्रत्येकीच्या डोक्यावर एक गठ्ठा. "रिकाम्या पलंगांवर पडून होत्या," ती म्हणाली. "धरा."

मग गाव पळालं. कोणी पडदे काढून आणले, कोणी ब्लँकेटं, कोणी वाळत घातलेले कपडे दोरीसकट. फानीने मेंढ्यांवर घालायची ताडपत्री आणली. मागरीतने बाजाराच्या टेबलावरचे केक बाजूला केले आणि खालचा टेबलक्लॉथ ओढला. तिच्या आजीने विणलेला, ज्यावर लौरेन्सला तेहतीस वर्षांत कॉफीचा कप ठेवायची परवानगी मिळाली नव्हती. पाद्रीणबाईंनी घरून चार शुभ्र चादरी आणल्या. त्यांच्या कोपऱ्यावर निळ्या धाग्याने देबोराच्या हॉटेलचं नाव विणलेलं होतं. देबोराने ते वाचलं. पाद्रीणबाईंनीही वाचलं, जणू पहिल्यांदाच. "धोब्याकडून बदलून आल्या असतील," पाद्रीणबाई म्हणाल्या. "येतात अशा," देबोरा म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. गावात धोबी नव्हता.

ट्रकपासून कमानीखालून थेट फाटकापर्यंत दोन रांगा उभ्या राहिल्या. वैर असलेले शेजारी एकाच चादरीची दोन टोकं धरून उभे होते, कारण मधे माणूस कमी पडत होता. पिल्लेसाहेब मोटारीतून उतरून, काय चाललंय हे विचारायला आले आणि कोणीतरी त्यांच्या हातात फुलाफुलांच्या पडद्याचं टोक दिलं. "साहेब, गुडघ्यापर्यंत नको, हनुवटीपर्यंत धरा," फानीने त्यांना सांगितलं. त्यांनी हनुवटीपर्यंत धरलं.

नकाशावर डोर्नवालचं नाव आलं का, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे त्याला जागा उरणार नाही. आलं. पिल्लेसाहेबांनी उद्यान धड बघितलंच नाही. शेऱ्यात काय लिहिलं ते कोणाला दाखवलं नाही. पण पुढच्या सुट्टीत ते बायकोमुलांना घेऊन आले, देबोराकडे राहिले, आणि तिच्या खोल्या त्या हंगामात एवढ्या भरल्या की चादरी पुरेनात. पण हे सगळं नंतर. तेव्हा ते पडदा धरून उभे होते.

"कोणी बोलू नका," थांडेका म्हणाली. ट्रकचं बाजूचं दार उघडलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग दाराला लावलेल्या उतरत्या फळीवर एक खूर आला. ताटाएवढा. त्यामागे पाय, आणि तो पाय संपेचना. मोठी मादी उजेडात आली आणि उभी राहिली. ट्रकमध्ये असताना तिचं फक्त डोकं दिसलं होतं. आता ती सगळी दिसत होती, आणि माणसांना ती एका नजरेत मावत नव्हती. खालून वर बघावं लागत होतं, मग पुन्हा खाली. डागांखाली कातडी थरथरत होती. चादरींवरून तिला सगळं दिसत होतं: रस्ता, टेकड्या, हमरस्ता, मोकळं रान. गावातलं एकही कापड तिला अडवू शकलं नसतं, हे तिथे उभ्या प्रत्येकाला त्या क्षणी कळलं. तरी कोणी टोक सोडलं नाही.

ती चालू लागली. मागून दोघी तरण्या. माणसांच्या डोक्यांवरून त्यांच्या सावल्या सरकत गेल्या. कमानीशी मादी थांबली. तिने लोखंड हुंगलं, त्यावरच्या अक्षरांवरून जीभ फिरवली. मग मान खाली घेतली, खांदे खाली घेतले, आणि वाकून, अलगद, एकही खांब न शिवता पलीकडे गेली.

पाद्रीसाहेबांनी टोपी काढली. "आमची माणसं इतकी वाकत नाहीत," ते पुटपुटले.

फाटक आलं, चादरी संपल्या. पुढे वडिलांचं जुनं कुरण होतं, काटेरी झाडं होती, आणि उन्हात दूरपर्यंत पसरलेली पिवळी जमीन. हमरस्त्यावर गाड्या थांबल्या होत्या. माणसं उतरून उभी होती. कोणी भोंगा वाजवत नव्हतं, कोणी स्वच्छतागृह विचारत नव्हतं.

लौरेन्सने पाहुण्यांसाठी जिराफांची माहिती पाठ केली होती. हृदय केवढं असतं, मानेत मणके किती. आता सांगायची वेळ होती. त्याला काहीच आठवलं नाही.

मोठ्या मादीने वारा घेतला. मग ती धावली. धावली म्हणायचं, पण ते धावण्यासारखं नव्हतंच. ती एवढी मोठी होती की तिची घाईसुद्धा सावकाश होती. माना पुढे झुलत होत्या, पाय लांबून लांबून जमिनीला लागत होते, धूळ उठत होती आणि त्यांच्या गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हती. दोघी तरण्या तिच्या दोन बाजूंना आल्या. टेकडीआडचे झेब्रे, आपलं लपणं विसरून, वर येऊन ओळीत उभे राहिले आणि बघत राहिले. खुरांचा आवाज पायांखालून यायचा, कानांतून नाही. मग तोही कमी झाला, आणि काटेरी झाडांच्या शेंड्यांवर तीन डोकी शांत उभी राहिली.

कोणीतरी रडत होतं. ते म्बुलेलोसाहेब होते, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"तोंड मीट, लौरेन्स," मागरीत त्याच्या कानाशी म्हणाली. "माशी जाईल."

लौरेन्सने तिच्याकडे वळून पाहिलं. आजीचा टेबलक्लॉथ धुळीत लोळत होता, तिचा पाय त्यावरच होता, आणि तिचं स्वतःचं तोंड त्याच्यापेक्षा मोठं उघडं होतं.